गढूळ पाणी आणि काचेचा घुमट

गोव्यातल्या ग्रँड आयलंडजवळ पाण्याखाली पाच मीटरपर्यंत स्वच्छ दिसलं, तर तो दिवस चांगला धरतात. मांडवी आणि झुआरी या नद्या आपला गाळ इथेच आणून ओततात. जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंदच असतं, आणि दसऱ्यानंतर पाणी हळूहळू निवळू लागतं. नवा कॅमेरा घेतलेली मुलं होडीवर हमखास विचारतात, एवढ्या गढूळ पाण्यात वाइड अँगल लेन्स कशाला? लांबचं दिसतच नाही, तर रुंद काय टिपायचं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र लेन्सच्या माहितीपत्रकापेक्षा पाण्याखालच्या छायाचित्रणाच्या इतिहासात नीट सापडतं. पाण्यात कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाची खरी लढाई लेन्स आणि मासा यांच्यामधल्या पाण्याशी होती. ते पाणी प्रकाश गिळतं, लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच खाऊन टाकतं, आणि प्रत्येक कण पांढऱ्या ठिपक्यासारखा फोटोत उतरवतं. त्यावर इलाज एकच : जवळ जा.

विल्यम थॉम्पसन यांनी १८५६ साली इंग्लंडमधल्या वेमथच्या खाडीत एका पेटीत कॅमेरा घालून तो खांबाला बांधून खाली सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरी काचेच्या प्लेटवर पुसटशी प्रतिमा उमटली. लुई बुताँ १८९३ मध्ये फ्रान्सच्या बान्युल्स-सुर-मेर इथे स्वतः पाण्यात उतरले. त्यांच्या कॅमेऱ्याची पेटी बांधायला भावाची मदत होती, आणि एका फोटोसाठी अर्धा तासही थांबावं लागे. रंग आले १९२६ मध्ये. फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून त्या उजेडात माशांचे रंगीत फोटो काढले, आणि १९२७ च्या जानेवारीत ते नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आले. या सगळ्यांचा भर उजेडावर होता. कॅमेऱ्यापुढची काच सपाटच राहिली.

अडचण त्या सपाट काचेत होती. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाश किती वाकवतं त्याचं माप, १.३३ आहे. पाण्यातून येणारा किरण काच ओलांडून हवेत शिरताना वाकतो, त्यामुळे वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. मास्क लावून पहिल्यांदा डोकं बुडवलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं : हात पुढे करावा, तर गोबरा मासा अजून वीतभर लांबच. कॅमेऱ्याचंही तसंच होतं. जमिनीवर ९४ अंश पाहणारी २० मिलिमीटरची लेन्स सपाट काचेमागे सुमारे ६७ अंशांवर येते. शिवाय कडेला रंग फाटतात आणि सरळ रेषा वाकतात. लेन्स कितीही रुंद घ्या, सपाट काचेतून ९७ अंशांच्या पलीकडचं काही आत येतच नाही.

हाच ९७ चा आकडा उलट बाजूने अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्या कामात आहे. माशाला पाण्यातून वरचं जग कसं दिसत असेल, हा प्रश्न घेऊन त्यांनी पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाशी प्लेट आणि वर सूक्ष्म छिद्र ठेवून कॅमेरा बनवला. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं आभाळ पाण्याखाली त्या ९७ अंशांच्या शंकूत मावतं. १९०६ च्या त्यांच्या निबंधातूनच 'फिशआय' हा शब्द आला. आज कोकण किनाऱ्यावर जी फिशआय लेन्स आपण पाण्यात नेतो, तिचं नावच पाण्यातून वर आलेलं आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

सपाट काचेतून सुटायच्या दोन वाटा निघाल्या. पहिली फ्रेंच शास्त्रज्ञ अलेक्झांडर इव्हानॉफ यांची. पाण्यामुळे जे बिघडतं ते उलट दिशेने दुरुस्त करणारी भिंगं त्यांनी पोर्टमध्येच, म्हणजे लेन्सपुढच्या खिडकीतच, बसवली. त्याच विचारातून पुढे थेट पाण्यासाठीच घडवलेल्या लेन्स आल्या. बेल्जियन ज्याँ द वूटर्स यांनी फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तो यांच्यासाठी रचलेला 'कॅलिप्सो' कॅमेरा निकॉनने घेतला आणि १९६३ मध्ये 'निकोनोस' म्हणून बाजारात आणला. १९७२ च्या सुमारास त्याला १५ मिलिमीटरची लेन्स मिळाली. ती पाण्यातच ९४ अंश पाहत असे, आणि हवेत निरुपयोगी होती.

दुसरी वाट घुमटाची. गोव्यात घुमट म्हटलं की मातीचं वाद्य आधी आठवतं, म्हणून इथे डोमच म्हणतो. युक्ती साधी आहे. काच गोलाकार करायची आणि लेन्स जिथून जग पाहते तो बिंदू बरोबर त्या गोलाच्या केंद्रावर आणायचा. मग प्रत्येक किरण काचेला काटकोनात भिडतो, वाकत नाही, आणि लेन्सचा कोन जमिनीवर असतो तेवढाच राहतो. नॅशनल जिऑग्राफिकचे छायाचित्रकार बेट्स लिटलहेल्स यांनी 'ओशनआय' हे असं डोमचं हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, विकसित केलं. तेव्हापासून जमिनीवरचा साधा एसएलआर आणि त्याच्या लेन्स पाण्यात नेता येऊ लागल्या.

डोमची किंमत मात्र वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. पाणी आणि डोम मिळून एक भिंग तयार होतं आणि ते समोर आभासी प्रतिमा उभी करतं. अगदी अथांग लांबची वस्तूसुद्धा डोमच्या पृष्ठभागापासून त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर येऊन बसते. दहा सेंटीमीटर त्रिज्येच्या डोमपुढे सारा समुद्र तीस सेंटीमीटरच्या आत! म्हणून लेन्सला तेवढ्या जवळ फोकस करता आलं पाहिजे. ती प्रतिमा वाकलेलीही असते, त्यामुळे कोपरे धूसर होतात. त्यासाठी एफ/८ किंवा एफ/११ इतकं बारीक केलेलं लेन्सचं छिद्र, त्यासाठी मोठा डोम, त्यासाठी बिंदू केंद्रावर आणणाऱ्या एक्स्टेन्शन रिंगा. पाच-दहा मिलिमीटर चुकले तरी कडा सांगतात.

निकोनोस २००१ मध्ये बंद झाला. डिजिटल कॅमेऱ्यांनी त्याची जागा घेतली आणि बहुतेकांच्या हातात पुन्हा डोम आला. अलीकडे इव्हानॉफ यांच्या वाटेची, पाण्याला भिडणारी भिंगंही परतली आहेत. ती महाग आणि जड, पण कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ.

आता त्या मुलांचा प्रश्न. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी मुरगावच्या समुद्रात सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले : तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांडी. समजा, तिथे अडीच मीटरची तोफ एका फोटोत बसवायची आहे. निकोनोसच्या २८ मिलिमीटर लेन्सने सुमारे २.६५ मीटर मागे सरकावं लागेल. ९४ अंशांच्या लेन्सने १.४ मीटर पुरतात. पाच मीटर दिसणाऱ्या पाण्यात पहिल्या फोटोत तोफेची सावली येईल, दुसऱ्यात तिच्यावरचा गंज. स्ट्रोबचा (पाण्याखालच्या फ्लॅशचा) उजेडही जाऊन परत येतो, म्हणजे वाचलेलं पाणी दुप्पट. निळ्याशार समुद्रात वाइड अँगल चैन असेल, आपल्याकडे ती गरज आहे.

गेल्या हंगामात होडीच्या फळीवर माझ्या अॅक्रिलिकच्या डोमवर नखाएवढा ओरखडा पडला. उन्हात धरला तर तो थेट मध्यावर चमकत होता. तरी तसाच उतरलो. ओरखड्यात पाणी भरलं. अॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, हवेपेक्षा पाण्याच्या कितीतरी जवळ, त्यामुळे किरणांना तिथे फारसं वाकायला कारणच उरलं नाही. भंगलेल्या जहाजाच्या लोखंडाखालून एक गोबरा तोंड काढून बघत होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर गेलो. घरी आल्यावर तो फोटो पूर्ण मोठा करून ओरखडा शोधला. सापडला नाही.