लांबत लांबत ओढणारा स्नायू

क्रीडापानावर एक बातमी वर्षानुवर्षं फक्त नाव बदलून येत असते: जांघेच्या दुखापतीमुळे अमुक खेळाडू संघाबाहेर. काही आठवड्यांनी तो परततो, आणि कधीकधी दुसऱ्याच सामन्यात पुन्हा जांघ धरून खाली बसतो. 'पुरता आराम केला नसणार,' असं म्हणून आपण मोकळे होतो. मला वाटतं, पुष्कळदा आराम भरपूर झालेला असतो. कमी पडलेला असतो तो व्यायाम, आणि तोही एका विशिष्ट जातीचा.

आधी जागा ओळखून घेऊ. खुर्चीत बसा, गुडघे थोडे फाकवा. एका हाताची बोटं मांडीच्या आतल्या बाजूला अगदी वर, मांडी धडाला मिळते तिथे ठेवा. दुसरा तळवा त्याच गुडघ्याच्या आतल्या अंगाला टेकवा आणि गुडघ्याने त्याला आत ढकला. बोटांखाली दोरीसारखं काहीतरी ताठ उभं राहील. ती अ‍ॅडक्टर लाँगस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. जांघेत चमक भरते तेव्हा सगळ्यात जास्त वेळा दुखावलेला असतो तो हाच. त्याचे चार सोबती आहेत: अ‍ॅडक्टर ब्रेव्हिस, अ‍ॅडक्टर मॅग्नस, ग्रॅसिलिस आणि पेक्टिनियस. ओटीपोटाच्या खालच्या हाडापाशी सुरू होऊन बहुतेक जण मांडीच्या हाडाला जोडले जातात, एकटा ग्रॅसिलिस गुडघ्याखालपर्यंत जातो. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे ओढणं हे त्यांचं पाठ्यपुस्तकातलं काम. खरं कष्टाचं काम वेगळंच आहे. चेंडूला लाथ मारण्यासाठी पाय मागे आणि बाहेर जातो, तेव्हा हा स्नायू ताणला जात असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला पायाला ब्रेक लावून उलट्या दिशेने फेकायचं असतं. लांब होत असताना पूर्ण जोर. तंतू फाटतात ते बहुधा अशाच क्षणी, स्नायू आणि कंडरा जिथे एकमेकांत मिसळतात त्या सीमेवर.

इथे एक गैरसमज बाजूला करतो, कारण त्यातून नुकसान होतं. 'शिरेवर शीर चढली' असं सर्रास म्हटलं जातं आणि मग ती 'उतरवायला' कुणीतरी जोरजोरात चोळतं. शीर शिरेवर चढत नाही. रक्तवाहिनी आणि मज्जातंतू आपापल्या जागीच असतात. फाटलेले असतात स्नायूचे तंतू, आतल्या आत थोडा रक्तस्राव झालेला असतो, आणि आजूबाजूचे स्नायू संरक्षणासाठी आखडलेले असतात. अशा ताज्या जखमेवर जोराचं मालिश म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. रंगीबेरंगी चिकटपट्ट्यांचंही तेच: त्वचेवर लावलेल्या पट्टीने खोल आतला तंतू सांधला जात नाही.

तंतू सांधतो तो दोन वाटांनी. प्रत्येक स्नायुतंतूच्या कडेला काही पेशी झोपलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या पाहिल्या आणि त्यांना सॅटेलाइट पेशी हे नाव दिलं. इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि नवा तंतू घडवतात. दुसरीकडे शरीर भेग बुजवायला कोलॅजन या धाग्यासारख्या प्रथिनाचा व्रण भरतं. हे कोलॅजन सुरुवातीला गवताच्या गंजीसारखं अस्ताव्यस्त पडलेलं असतं. त्याला दिशा देतो तो ताण. ज्या दिशेने बेताचा ताण येत राहतो, त्या दिशेने धागे ओळीत लागतात. पहिल्या दिवसांत जोरात ओढलं तर व्रण पुन्हा फाटतो. आठवडेच्या आठवडे हललंच नाही तर गंजी गंजीच राहते. 'आराम, बर्फ, दाब, उंचावर ठेवणे' हे सूत्र 1978 मध्ये मांडणारे डॉ. गेब मर्किन यांनीच 2014 मध्ये कबूल केलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांमुळे बरं होणं लांबू शकतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

स्नायू आखडतो कसा, हे शाळेत शिकलेलं आठवा. अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही दोन प्रकारची सूत्रं एकमेकांवरून सरकतात. 1954 मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी हे मांडलं, आणि दोन्ही गटांत एकेक हक्सली होते, एकमेकांशी नातं नसलेले. मायोसिनला बारीक डोकी असतात. डोकं अ‍ॅक्टिनला पकडतं, ओढतं, मग एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करून सुटतं आणि पुढची जागा पकडतं. विहिरीतून पोहरा शेंदताना हात आळीपाळीने दोर पकडतात, तसं. सुटण्यासाठी प्रत्येक वेळी ऊर्जा मोजावी लागते.

पण पोहरा जड असेल आणि तुम्ही ओढत असतानाही दोर हातातून खालीच सरकत असेल तर? स्नायूत हे सतत घडतं. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असतो आणि तरी लांब होत असतो. याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. इथे मायोसिनची डोकी एटीपी खर्चून सुटत नाहीत, भाराने खेचून सोडवली जातात आणि लगेच पुन्हा पकड घेतात. भरीला टायटिन नावाचं प्रथिन आहे, आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं. ते स्प्रिंगसारखं असतं, आणि स्नायू सक्रिय असताना ताणलं गेलं की ते अधिक ताठ होतं. म्हणून लांबणारा स्नायू आखडणाऱ्या स्नायूपेक्षा जास्त जोर पेलतो, आणि त्यासाठी ऊर्जाही कमी घेतो.

ऐकून खरं वाटत नाही ना? अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी 1952 मध्ये हे फार सुंदर रीतीने दाखवलं. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचे. दुसऱ्याचे पेडल त्यामुळे उलटे फिरतात, त्याने त्यांना फक्त विरोध करायचा. दोघांच्या पायांवरचा जोर जवळपास सारखाच. पण विरोध करणाऱ्याला लागलेला ऑक्सिजन काही पटींनी कमी भरला. प्रात्यक्षिकात ब्रेंडा बिगलँड विरोध करायला बसल्या आणि त्यांनी अंगापिंडाने मोठ्या असलेल्या आपल्या सहकाऱ्याला सहज दमवलं. मला हा प्रयोग शरीरशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

जांघेशी याचा संबंध असा. स्नायुतंतू हा सार्कोमियर नावाच्या खोल्यांच्या लांबलचक रांगेचा बनलेला असतो. एक खोली साधारण सव्वादोन मायक्रोमीटर, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या तंतूत अशा चाळीसेक हजार खोल्या एकामागे एक. खोली फार ताणली गेली की अ‍ॅक्टिन-मायोसिन एकमेकांवर पुरेसे चढत नाहीत आणि पकड सैल होते. स्नायू आखडलेल्या स्थितीत पडून राहिला तर रांगेतल्या खोल्या कमी होतात. मग तीच लांबी गाठताना उरलेल्या प्रत्येक खोलीला जास्त ताणावं लागतं, आणि लाथ मारताना पाय मागे जातो तिथेच स्नायू दुबळा पडतो. भाराखाली लांबण्याचा सराव केला की रांगेत नव्या खोल्या जोडल्या जाऊ शकतात. प्राण्यांच्या स्नायूंत हे मोजून पाहिलेलं आहे. नुसतं स्ट्रेचिंग आणि हे एक नव्हे. स्ट्रेचिंगमध्ये स्नायू सैल असतो, इथे तो झुंजत झुंजत लांबतो. म्हणूनच ताज्या दुखापतीत 'आखडलंय, ताणून मोकळं करू' हा मोह टाळायचा.

म्हणून व्यायाम पायरीपायरीने चढतात. पहिले दोन-तीन दिवस दुखणार नाही इतकंच चालणं आणि पाय हलवणं. मग लांबी न बदलता जोर: पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, त्यांच्यामध्ये फुटबॉल किंवा घट्ट उशी धरायची आणि दाबायची. सुरुवातीला हलकं आणि काही सेकंदच, पुढे तीस सेकंदांपर्यंत. पाय सरळ ठेवून घोट्यांमध्ये चेंडू दाबणं ही पुढची पायरी, कारण तरफेचा भुज लांबला की जांघेला जास्त जोर लागतो. मग कुशीवर झोपून खालचा पाय वर उचलणं आणि सावकाश खाली आणणं. मग उभं राहून रबरी पट्ट्याविरुद्ध पाय आत ओढणं. त्यातही परतीचा प्रवास तीन सेकंद मोजत करायचा, कारण औषध त्या परतीतच आहे.

शेवटी येतो तो कोपनहेगन अ‍ॅडक्शन. कुशीवर झोपून कोपराचा आधार घ्यायचा, वरचा पाय बाकावर. त्या वरच्या पायाच्या आतल्या स्नायूने बाक दाबत सगळं अंग उचलायचं, खालचा पाय वर आणून भिडवायचा आणि मग हळूहळू, सुटू न देता, खाली यायचं. आरंभी बाकाची कड गुडघ्याखाली, जमू लागलं की घोट्याखाली. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी मांडी आतून ठणकेल, तो नव्या कामाचा ठणका असतो. जुन्या जागी टोचल्यासारखी कळ आली तर एक पायरी मागे.

पुरावा भक्कम आहे. पेर होल्मिच आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये जांघेचं दुखणं दीर्घकाळ अंगावर काढलेल्या 68 खेळाडूंवर चाचणी केली. निम्म्यांना व्यायाम, निम्म्यांना लेसर, मालिश, स्ट्रेचिंग वगैरे. चाचणी पूर्ण केलेल्यांपैकी व्यायामाच्या गटातले 29 पैकी 23 जण वेदनेशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले, दुसऱ्या गटातले 30 पैकी फक्त 4. ही जुनाट दुखण्याची चाचणी होती, ताज्या लचकीची नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पुढे 2019 मध्ये नॉर्वेच्या 35 फुटबॉल संघांवर कोपनहेगन व्यायाम वापरून पाहिला, तेव्हा जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्क्यांनी कमी झाला. आणि 2001 मधला आइस हॉकीचा अभ्यास सांगतो की पाय आत ओढणाऱ्या स्नायूंची ताकद बाहेर नेणाऱ्यांच्या 80 टक्क्यांहून कमी असेल, तर दुखापतीची शक्यता सतरा पट होती.

जांघेतलं प्रत्येक दुखणं मात्र स्नायूचं नसतं. खोकताना फुगवटा येत असेल, पायावर भार देता येत नसेल, रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, ताप किंवा वृषणात वेदना असेल, 'टक्' आवाज होऊन खड्डा जाणवत असेल, किंवा दुखणारं वाढत्या वयाचं मूल असेल, तर व्यायाम सुरू न करता डॉक्टरांकडे जायचं. हर्निया, खुब्याचा सांधा, हाडातली बारीक चीर, या सगळ्यांचं दुखणं तिथेच येऊन बसतं.

आज धावायचं की नाही हे ठरवायला एक साधी चाचणी आहे. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवा, दोन घोट्यांच्या मध्ये कुणाचा तरी आडवा हात घ्या आणि पाच सेकंद पूर्ण जोराने दाबा. वेदनेला शून्य ते दहा गुण द्या. दोनपर्यंत हिरवा दिवा, तीन ते पाच पिवळा, सहा आणि त्यापुढे लाल. आधी सरळ रेषेत धावणं, मग वळणं, मग अचानक थांबणं आणि सगळ्यात शेवटी पूर्ण जोराची लाथ. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हीच पाच सेकंदं पुन्हा.