हिटलरचे दोन कायदे: वटहुकूम आणि एनेबलिंग ॲक्ट

‘एनेबलिंग ॲक्ट आणून हिटलरने विरोधकांना तुरुंगात टाकलं’ असं सर्रास लिहिलं जातं. त्यात दोन वेगळे कायदे एकमेकांत मिसळले आहेत: राष्ट्राध्यक्षांचा वटहुकूम आणि मंत्रिमंडळाला कायदे करण्याचा अधिकार देणारा एनेबलिंग ॲक्ट. अटका झाल्या त्या आधीच्या वटहुकमाखाली.

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत पेटली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी वायमार घटनेच्या (तेव्हाच्या जर्मन राज्यघटनेच्या) आणीबाणीविषयक कलम ४८ नुसार वटहुकूम काढला. व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, सभा, संघटना, टपालाची गुप्तता असे सात मूलभूत हक्क स्थगित झाले. आता खटल्याविना माणूस उचलता येऊ लागला. घटकराज्यांचा कारभार ताब्यात घेण्याची सोयही त्यातच होती. कागदावर कारण ‘कम्युनिस्ट हिंसाचारा’चं, पुढे तो कॅथलिक युवक संघटनांवरही चालवला गेला. (आपल्या संविधान सभेत आणीबाणीच्या तरतुदींना विरोध करताना ह. वि. कामत यांनी वायमार घटनेचाच दाखला दिला होता.)

एनेबलिंग ॲक्टने कोणाचाही हक्क थेट काढला नाही. २३ मार्चला क्रोल ऑपेरा हाउसमध्ये संसदेने तो संमत केला आणि कायदे करण्याचा, अगदी घटनेला सोडून करण्याचाही, अधिकार मंत्रिमंडळाला दिला. बाजूने ४४४, विरोधात ९४. विरोध केला तो एकट्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने. ओटो वेल्स त्यांच्या वतीने बोलले.

८१ कम्युनिस्ट सदस्य गजाआड किंवा भूमिगत होते म्हणून कायदा संमत झाला, हे स्पष्टीकरण मात्र अपुरं आहे. सभागृह ६४७ जणांचं, म्हणजे सगळे हजर असते तरी दोन तृतीयांशांसाठी ४३२ मतं पुरली असती. नाझी आणि त्यांचे राष्ट्रवादी मित्र मिळून ३४० होते. पारडं फिरवलं ते कॅथलिक सेंटर पक्षाच्या ७३ जणांनी आणि इतर मध्यममार्गीयांनी. वटहुकमाचा हात दिसतो तो बेरजेत नव्हे, दहशतीत: सभागृहात एसए या नाझी निमलष्करी दलाचे गणवेशातले लोक उभे होते आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कोणत्याही न्यायालयाचं संरक्षण उरलं नव्हतं.

म्हणूनच वळणबिंदू शोधताना मी २८ फेब्रुवारीवर बोट ठेवतो. बर्लिनमध्ये वकिली केलेल्या एर्न्स्ट फ्रेंकेल यांनी तर या वटहुकमालाच थर्ड राइशची, म्हणजे नाझी राजवटीची, घटनात्मक सनद म्हटलं. एनेबलिंग ॲक्टला निदान चार वर्षांची मुदत होती. ती १९३७, १९३९ आणि १९४३ मध्ये वाढवावी लागली. वटहुकूम ‘पुढील आदेशापर्यंत’ होता आणि तो आदेश १९४५ पर्यंत निघालाच नाही.