पाठांतर की प्रत्येक वेळी विचारपूस?

२०५ दाबल्यावर कुठला फोन वाजवायचा, कुणी उचललाच नाही तर किती सेकंदांनी कॉल व्हॉइसमेलकडे वळवायचा, परदेशी कॉल कुणाला लावू द्यायचे... टेलिफोन यंत्रणेला हे सगळं कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. तारा आणि लहरींबद्दल आपण पुष्कळ वाचतो. या वहीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

१९६५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सकासुना इथे बेल या टेलिफोन कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. त्याची वही होती अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर! पत्र्यावर चिमुकले चुंबक. कुठला चुंबकित आहे आणि कुठला नाही, त्यावरून यंत्र मजकूर वाचायचं. पण कॉल चालू असताना त्यावर लिहिता येत नसे. मग कुणाचा नंबर बदलला तर? असे ताजे बदल वेगळ्या, तात्पुरत्या स्मृतीत टिपून ठेवायचे आणि अधूनमधून पत्रे बाहेर काढून नव्याने लिहायचे. मला ही युक्ती फार आवडते, कारण आजचा घोळही जवळपास तोच आहे.

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं ‘अॅस्टरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरचं टेलिफोन एक्स्चेंज करतं. त्याची वही म्हणजे साध्या टेक्स्ट फाइल्स. सुरू होताना ते त्या वाचतं आणि पाठ करून टाकतं. फाइल बदलली की ‘रीलोड’ द्यायचं, म्हणजे पुन्हा पाठांतर. दहा फोन असतील तर याहून सोपं काही नाही. हजारो फोन, तीन-चार सर्व्हर आणि रोज कुणीतरी नवीन येतंय, कुणीतरी सोडून जातंय, अशी स्थिती आली की एका सर्व्हरवरची फाइल बदलायची राहून जाते आणि तक्रारी सुरू होतात.

म्हणून वही डेटाबेसमध्ये हलवतात. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात फाइलमधल्या ओळी फक्त टेबलात जातात. पाठांतर चालूच, रीलोडही सुटत नाही. खरी गंमत दुसऱ्यात आहे: इथे यंत्रणा काही पाठच करत नाही. कॉल आला की ती टेबलाला विचारते, ‘२०५ची पहिली पायरी काय?’ उत्तर येतं, ‘अमुक फोन वीस सेकंद वाजव.’ कुणी उचललं नाही की दुसरी पायरी विचारते: ‘व्हॉइसमेलला दे.’ पायरीगणिक टेबलातली एक ओळ. तिथे वीसचे तीस करा, पुढचा कॉल तीस सेकंद वाजेल. रीलोडची गरज नाही.

पण पाठ न करण्याचेही तोटे आहेत. डेस्कफोनवरचा लाल दिवा घ्या, निरोप आला की लागणारा. अॅस्टरिस्कच्या जुन्या सिप मॉड्यूलमध्ये (म्हणजे नेटवर्कवरून फोनशी बोलणाऱ्या भागात) असा डेटाबेसमधला फोन काम असेल तेवढाच वेळ स्मृतीत यायचा. काम संपलं की विसरला! निरोप येऊन पडायचा, पण दिवा पेटवायला सांगायचं कुणाला? यंत्रणेच्या लेखी तो फोनच नसायचा. फोन जिवंत आहे की नाही, याची अधूनमधून होणारी विचारपूसही त्यामुळे बंद.

उपाय म्हणजे कॅशे: एकदा विचारलेलं स्मृतीत धरून ठेवायचं. दिवा लागला, पण टेबलात फोनचा पासवर्ड बदलला तरी यंत्रणा जुनाच धरून बसते, ती नोंद पुसेपर्यंत. त्याच्या जागी आलेल्या नव्या पीजेसिप मॉड्यूलमध्ये कॅशेला मुदत घालता येते. ती किती ठेवायची, याला ठरलेलं उत्तर नाही. माझं मत विचाराल तर थोडी लांबच बरी. पासवर्ड काही रोज बदलत नाहीत, आणि डेटाबेस थोडा वेळ बंद पडला तरी मुदत संपेपर्यंत जुन्या माहितीवर निभावतं.

काही फाइल्स मात्र साध्या टेक्स्ट म्हणून डिस्कवरच ठेवाव्या लागतात. त्यातली एक म्हणजे कुठली माहिती कुठल्या डेटाबेसमध्ये आहे, हे सांगणारी. ती डेटाबेसमध्ये ठेवली तर शोधायची कुठे?