टक्क्यांच्या कॉलमखाली टोटल: सरासरी नको, परत भागाकार करा

वागळे इस्टेट म्हणा, महापे म्हणा, महिनाअखेरीला कुठल्याही ऑफिसातला एमआयएस (कामाच्या आकड्यांचा रिपोर्ट) उघडा, टोटलच्या ओळीत टक्क्यांच्या कॉलमचं अ‍ॅव्हरेज मारलेलं असतं आणि तोच आकडा पुढे साहेबांच्या पीपीटीत जातो. मला याचा खरंच वैताग येतो, कारण त्या आकड्यावर माणसांचे इन्सेंटिव्ह ठरतात.

टक्क्यांची सरळ बेरीज केली तर चूक लगेच दिसते, त्यावर वेळ घालवत नाही. ८० टक्क्यांवरून ८४ झालं तर वाढ ४ पॉइंटची आणि ५ टक्क्यांची, हेही बहुतेकांना माहीत असतं.

खरा घोळ सरासरी टक्के आणि एकूण टक्के यांच्यात होतो. समजा वेळेत डिलिव्हरीचा रिपोर्ट आहे. वाशी: २०० ऑर्डर, १९० वेळेत, ९५ टक्के. ऐरोली: ४० पैकी २०, म्हणजे ५०. घणसोली: १० पैकी ९, म्हणजे ९०. अ‍ॅव्हरेज येतं ७८.३. आता टक्के बाजूला ठेवा आणि मूळ आकडे बघा, एकूण ऑर्डर २५०, वेळेत गेल्या २१९, भागलं की ८७.६. नऊ पॉइंटच्या वर फरक, कारण अ‍ॅव्हरेजने घणसोलीच्या १० ऑर्डरींना वाशीच्या २०० इतकंच वजन दिलं. आणि दोन्ही उत्तरं ५० ते ९५ च्या मधेच बसतात ना, म्हणून बघणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. सगळ्या शाखांच्या ऑर्डरी सारख्या असतील तरच दोन्ही उत्तरं हमखास जुळतात, आणि शिकताना नेमकी तसलीच गुळगुळीत उदाहरणं दिलेली असतात.

वेटेड अ‍ॅव्हरेज (प्रत्येक शाखेच्या टक्क्यांना वजन लावून काढलेली सरासरी) काढलंत तरी ८७.६ च येईल, फक्त वजन ऑर्डरींचं द्या, वेळेत गेलेल्यांचं नको.

माझा सगळ्यात जास्त राग एक्सेलच्या इफएररवर आहे, म्हणजे एरर आला की त्याजागी आपण सांगू ते दाखवणारा फॉर्म्युला. पनवेलची शाखा नवीन, ऑर्डर शून्य, भागाकाराला एरर येतो म्हणून तिथे ० टाकून मोकळे होतात. झालं, अ‍ॅव्हरेज धाडकन ५८.८ वर, एकही डिलिव्हरी लेट न होता! बेरजा भागल्या असत्या तर ८७.६ जागचं हललं नसतं. त्या सेलमध्ये डॅश ठेवा, शून्य नको.

एक्सेलच्या पिव्हटमध्ये (डेटाचा गोषवारा काढणारं टेबल) टक्क्यांचा कॉलम सोर्स डेटात बनवून आत ओढू नका, कॅल्क्युलेटेड फील्ड (पिव्हटच्या आतच लिहिलेला फॉर्म्युला) घ्या, ते आधी बेरजा करतं आणि मग भागतं, त्यामुळे ग्रँड टोटल आपोआप बरोबर येतं. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्येही कॉलम नको, मेजर (रिपोर्टच्या प्रत्येक ओळीसाठी तिथल्या तिथे मोजला जाणारा फॉर्म्युला) लिहा, बेरीज भागिले बेरीज. तिथली टोटलची ओळ वरच्या ओळींची बेरीज नसते, मेजर त्या ओळीसाठी पूर्ण डेटावर नव्याने मोजलं जातं, आणि हे कळलं नाही की लोक टोटल चुकलं म्हणून तक्रार करत बसतात.

साधी सरासरी कधीच चालत नाही असं नाही. प्रश्न शाखांबद्दलचा असेल, म्हणजे लहान-मोठी न बघता शाखा साधारण कशा चालल्यात, तर ७८.३ हेच उत्तर. पण मग ते ‘शाखांची सरासरी’ असं नाव देऊन वेगळ्या ओळीत लिहा, टोटलसमोर अजिबात नको.

आणि शाखेकडून नुसते टक्केच आले असतील तर टोटलचा सेल रिकामा सोडा आणि ऑर्डरींचे आकडे मागवा.