उभ्या पट्ट्या आणि कललेला सूर्य

व्हर्टिकल ब्लाइंड्स, म्हणजे उभ्या लटकणाऱ्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्यांचे पडदे म्हटलं की ऑफिस डोळ्यांसमोर येतं. घरात लावायचे म्हटलं तर ‘खिडकी उंच असेल तर लावा’ एवढ्या सल्ल्यावर बोळवण होते. खिडकीची उंची दुय्यम आहे. त्या खिडकीत ऊन वरून येतं, समोरून की बाजूने, हे आधी पाहायला हवं.

आकाशात सूर्य नेमका कुठे आहे ते सांगायला दोन कोन लागतात: एक क्षितिजापासूनची उंची, दुसरा दिशा सांगणारा दिगंश. आडव्या पट्ट्यांचा सामना असतो पहिल्या कोनाशी, म्हणून माथ्याकडे चढलेलं ऊन त्या सहज अडवतात. उभ्या पट्टीला मात्र सूर्याच्या उंचीशी देणंघेणं नाही. किरण दहा अंशांवरून येवो की पन्नास, तो पट्टीवर आपटणार की फटीतून निसटणार हे फक्त डावी-उजवीकडच्या तिरकेपणावर ठरतं.

आता थोडी भूमिती. नेहमीच्या आकारांपैकी एक पट्टी ८९ मिलिमीटर रुंद असते. अशा पट्ट्या ८० मिलिमीटर अंतराने लटकवल्या आहेत असं धरू. सगळ्या पट्ट्या काचेशी काटकोनात, म्हणजे पूर्ण उघड्या ठेवल्या, तरी समोरच्या लंबरेषेपासून ४२ अंशांहून जास्त बाजूने येणारं थेट ऊन आत शिरत नाही (८० भागिले ८९ हा त्या कोनाचा टॅन्जंट). रुंद बाजू सूर्याकडे येईल अशा बेताने पट्ट्या ३० अंश फिरवल्या की ही मर्यादा २५ वर येते, ४५ अंश फिरवल्या की १५ वर. जमिनीवरचे उन्हाचे पट्टे बघत पट्ट्या वळवायची दांडी हळूहळू फिरवा: पट्टे अरुंद होत जातात आणि एका ठिकाणी गायब होतात. तिथेच थांबायचं, त्यापुढे फक्त अंधार वाढतो.

समजा सूर्य क्षितिजापासून १० अंश वर आणि २५ अंश बाजूला आहे. त्याच प्रमाणातल्या आडव्या पट्ट्या त्याला अडवायला सुमारे ५० अंश वळवाव्या लागतात, आणि मग समोरचं दृश्य जवळजवळ संपतंच. उभ्या पट्ट्यांचं काम ३० अंशांत होतं, शिवाय सूर्याच्या विरुद्ध बाजूचं दृश्य वरपासून खालपर्यंत शिल्लक राहतं. असं कललेलं ऊन सकाळी पूर्वेच्या आणि संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीत येतं, म्हणून या खिडक्या उभ्या पट्ट्यांच्या हक्काच्या.

यातही मेख आहे. उत्तर गोलार्धातल्या पश्चिमेच्या खिडकीत हिवाळ्यात सूर्य डावीकडे मावळतो, उन्हाळ्यात उजवीकडे. २१ जूनच्या सुमारास ५० अक्षांशावर तो ऐन पश्चिमेपासून ३८ अंश सरकलेला असतो, २० अक्षांशावर २५ अंश. म्हणजे पट्ट्यांची वळण्याची बाजू ऋतूनुसार बदलावी लागते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना तर मावळता सूर्य थेट समोर येतो. तेव्हा पट्ट्या ६४ अंशांपर्यंत मिटण्यावाचून गत्यंतर नाही. दक्षिणेच्या खिडकीत सूर्य रोज सकाळी डावीकडे आणि दुपारनंतर उजवीकडे असतो, म्हणून तिथे बाजू दररोज बदलायची. त्यापेक्षा तिथे आडव्या पट्ट्या किंवा सरळ छज्जा बरा. दक्षिण गोलार्धात हेच सगळं उलटं वाचावं.

‘उष्णतारोधक’ अशी जाहिरात दिसली की मी आधी रंग विचारते. ब्लाइंड काचेच्या आत असतो, म्हणजे ऊन घरात शिरून चुकलेलं असतं. पांढरी पट्टी त्यातला बराच प्रकाश तसाच परत बाहेर पाठवते. गडद पट्टी तो शोषून तापते आणि दीर्घ लहरींचं अवरक्त प्रारण सोडते. साधी काच त्या प्रारणाला आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे ती उष्णता खोलीतच अडकते. रंग आणि काचेचा प्रकार न सांगता छापलेला टक्केवारीचा आकडा मी तरी वाचत नाही.

सरकत्या काचेच्या दारालाही हे ब्लाइंड्स शोभतात, कारण दोन्ही एकाच दिशेने बाजूला होतात. छोट्या खिडकीला नकोत, गोळा झालेल्या पट्ट्याच बरीच जागा खातात. सतत वारा येणाऱ्या खिडकीत त्यांची खडखड चालूच राहते. घरात लहान मूल असेल तर लोंबणाऱ्या साखळीचा फास गळ्याला बसू शकतो, तेव्हा दांडीने फिरणारेच घ्यावेत.