पर्यटन संशोधनातील मापनश्रेणी

पर्यटकाचे समाधान, ठिकाणाची प्रतिमा किंवा पर्यटनाविषयी गावकऱ्यांचे मत अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी आकड्यांत मोजण्यासाठी रचलेला विधानांचा संच. प्रत्येक विधान कितपत पटते, हे उत्तर देणारा ५ किंवा ७ पायऱ्यांवर खूण करून सांगतो. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. श्रेणी घडवण्याचा क्रम गिल्बर्ट चर्चिल यांनी १९७९ मध्ये विपणनशास्त्रासाठी घालून दिला आणि पर्यटनाच्या अभ्यासकांनी तोच उचलला : आधी संकल्पनेची व्याख्या, मग भरपूर विधाने, चाचणी, गाळणी आणि नव्या लोकांकडून पुन्हा पडताळणी.

खरा कस गाळणीत लागतो. ‘खोली स्वच्छ आणि स्वस्त होती’ हे विधान साधे दिसते. पण खोली स्वच्छ असून महाग असेल, तर खूण कुठे करायची? असे जोडविधान फोडावेच लागते. विधानांचा आपसांतला मेळ ली क्रॉनबॅक यांच्या अल्फा गुणांकावरून (१९५१) पाहतात, ०.७० च्या वरचा आकडा सहसा मान्य होतो. मात्र एकच विधान शब्द फिरवून चारदा घातले तरी अल्फा फुगतो, म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबू नये.

किम, रिची आणि मॅकॉर्मिक यांची स्मरणीय पर्यटन अनुभवाची श्रेणी (२०१२) हे गाजलेले उदाहरण. तिच्यात २४ विधाने आणि ७ घटक आहेत : आनंद, नावीन्य, स्थानिक संस्कृती, ताजेतवानेपणा, अर्थपूर्णता, सहभाग व ज्ञान. सातही घटक सुखद बाजूचे आहेत. घाटात रात्रभर बंद पडलेली गाडी माणूस जन्मभर विसरत नाही, पण तिला या श्रेणीत जागा नाही. ही उणीव मोठी आहे.

श्रेणी दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतर करून ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून ताडतात. तरीही अडचण उरते. ताजेतवानेपणाच्या घटकात बंधनातून मोकळे वाटल्याचे एक विधान आहे. मराठीत ते ‘मुक्त झाल्यासारखे वाटले’ असे झाले, तर पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्याला त्यात मुक्ती दिसेल आणि मालवणहून आलेल्याला सुट्टी. दोघांनी ७ वर खूण केली, तरी मोजले गेले ते वेगवेगळे. मग ‘रोजच्या धकाधकीतून सुटल्यासारखे वाटले’ असे नवे विधान लिहून पडताळणी पहिल्यापासून करावी लागते.