कृत्रिम कागदावरील छपाई : पद्धतीची निवड

कृत्रिम कागद म्हणजे लाकडाच्या लगद्याऐवजी प्लॅस्टिकपासून केलेला, पण दिसायला आणि हाताळायला कागदासारखा असलेला ताव. छापखान्यात गिऱ्हाईक तो ‘न फाटणारा कागद’ किंवा ‘नॉन-टिअरेबल’ म्हणून मागते. गिर्यारोहकांचे नकाशे, हॉटेलातील मेन्यूकार्डे, रोपवाटिकेतल्या कुंड्यांवरच्या पट्ट्या, रसायनांच्या पिंपांवरची लेबले, मॅरेथॉनमधल्या धावपटूंच्या छातीवरचे क्रमांक अशा ठिकाणी तो वापरतात. पाण्याने तो भिजत नाही आणि सहसा फाटत नाही. मात्र पाणी न पिणारा हा कागद शाईही पीत नाही, आणि बहुतेक प्रकारांत तो उष्णतेलाही भितो. त्यामुळे पद्धत निवडताना ‘यंत्र कोणते’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. शाई कशी वाळणार आणि ती वाळेपर्यंत ताव किती तापणार, हे आधी पाहावे लागते.

या नावाखाली निरनिराळ्या जातीचा माल येतो. जपानमध्ये १९६९ साली ओजी पेपर आणि मित्सुबिशी समूहातील पेट्रोकेमिकल कंपनी यांनी मिळून पॉलिप्रॉपिलीनचा कागद बनवणारी कंपनी काढली. तिचा ‘युपो’ हा या क्षेत्रातला सर्वांत परिचित माल. पॉलिप्रॉपिलीनमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळून ती फिल्म उभी-आडवी ताणतात. ताणताना भुकटीच्या कणांभोवती अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात. फिल्मला पांढरेपणा, अपारदर्शकता आणि हलकेपणा येतो तो या पोकळ्यांमुळे. ‘टायव्हेक’ची गोष्ट वेगळी. ड्यूपाँ या अमेरिकन रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५५ मध्ये एका नळीतून बाहेर पडणारा पॉलिएथिलीनचा पांढरा पिंजलेला कापूस एका संशोधकाच्या नजरेस पडला आणि त्यातून हा तंतूंचा कागद जन्मला. १९६७ पासून तो बाजारात आहे. ‘टेस्लिन’ पॉलिएथिलीनचाच, पण त्यात सिलिका ठासून भरलेली असते आणि तो सच्छिद्र असतो, त्यामुळे तो शाई थोडीफार पितो. याखेरीज पॉलिएस्टरवर लेप देऊन केलेले कागदही मिळतात.

शाई पसरायची आणि चिकटायची, तर पृष्ठभागाची ऊर्जा शाईच्या पृष्ठताणापेक्षा जास्त हवी. कच्च्या पॉलिप्रॉपिलीनची ऊर्जा साधारण २९ ते ३१ डाइन (प्रति सेंटिमीटर; हे तिचे एकक) असते. अशा पृष्ठभागावर शाईचे थेंब अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होतात. म्हणून कारखान्यातच कोरोना प्रक्रियेने, म्हणजे उच्च दाबाच्या विद्युत विसर्जनाने, ही ऊर्जा ३८ डाइनच्या वर नेतात किंवा छपाईयोग्य लेप चढवतात. कोरोनाचा परिणाम काळानुसार उतरतो. गोदामात वर्षभर पडलेला माल यंत्रावर चढवण्यापूर्वी डाइन पेनाची, म्हणजे ठरावीक पृष्ठताणाच्या द्रवाने भरलेल्या पेनाची, एक रेघ ओढून पाहणे शहाणपणाचे. रेघ तुटून थेंब झाले, तर छपाई टिकणार नाही.

सुटे ताव घेणाऱ्या नेहमीच्या शीट-फेड ऑफसेटवर या तावांची छपाई उत्तम होते, पण नेहमीच्या शाईने नव्हे. साध्या ऑफसेट शाईतले खनिज तेल कागदात मुरते आणि उरलेली शाई हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते. इथे मुरायला जागाच नाही. शाई तासन्‌तास ओली राहते आणि वरच्या तावाच्या पाठीला लागते. शिवाय खनिज तेल पॉलिप्रॉपिलीनमध्ये शिरले, तर ते फुगते आणि ताव लहरी होतो. जिथे शाईचा जाड थर असतो तिथे उंचवटे येतात, कधीकधी छपाईनंतर दुसऱ्या दिवशी. त्यासाठी फक्त ऑक्सिडेशनने वाळणारी, तेलाचे प्रमाण अगदी कमी असलेली खास शाई घ्यावी लागते. ऑफसेटच्या प्लेटला ओल देणारे पाणी शक्य तितके कमी ठेवावे, कारण शोषून घ्यायला कागद नसल्याने ते शाईतच घुसळले जाते आणि वाळणे आणखी लांबते. ढीग छोटे ठेवावेत, ताव एकमेकांना चिकटू न देणारी स्प्रे पावडर जरा सढळ हाताने मारावी आणि इन्फ्रारेड ड्रायर बंद ठेवावा. जॉब उद्याच हवा असलेल्या गिऱ्हाइकाला हे सगळे समजावणे हा मुद्रकाच्या कामाचा सर्वांत कठीण भाग. गरम हवेच्या भट्टीतून कागद नेणाऱ्या हीटसेट रोटरीचा विचारच करू नये.

घाई असेल तर यूव्ही ऑफसेट. या शाईत उडून जाणारे द्रावक जवळपास नसते. अतिनील प्रकाश पडताच तिचे बहुलकीकरण होऊन ती क्षणात घट्ट होते आणि ताव लगेच कापायला घेता येतो. जुन्या पारा-दिव्यांची उष्णता पातळ तावाला ताणू किंवा वाकवू शकते. एलईडी दिवे तुलनेने थंड असल्याने या मालाला अधिक मानवतात. पण घट्ट झालेला थर ठिसूळ असेल, तर घडीवर तडकतो. नकाशासारख्या पुन्हापुन्हा घडी घालायच्या कामाला लवचिक यूव्ही शाई मागून घ्यावी.

सर्वाधिक नुकसान होते ते लेझर प्रिंटरवर. टोनर वितळवून चिकटवणारा फ्यूजर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला तापतो. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते, जास्त घनतेचे पॉलिएथिलीन १३० अंशांच्या जवळ. हा कागद फ्यूजरभोवती गुंडाळला गेला, तर कागदाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च दुरुस्तीत जातो. पॉलिएस्टरचा वितळणबिंदू २५० अंशांच्या पुढे असल्याने लेझरसाठी पॉलिएस्टरवरचे कागद घेतात. टेस्लिनचेही लेझरवर चालणारे प्रकार ओळखपत्रांसाठी प्रचलित आहेत. दिसण्यावरून या जाती ओळखू येत नाहीत, तेव्हा पाकिटावर ‘लेझरसाठी’ असे लिहिलेले नसेल, तर लेझरमध्ये घालू नये. द्रव टोनर वापरणाऱ्या डिजिटल यंत्रांना उष्णता कमी लागते, पण त्यांना बहुधा प्रायमर, म्हणजे शाई धरणारा आधीचा लेप, मारलेला ताव हवा असतो.

इंकजेटमध्ये घरगुती प्रिंटरची पाण्याची शाई शोषक लेप नसलेल्या तावावर बोटाने पुसली जाते. सॉल्व्हंट आणि यूव्ही इंकजेट बाहेरच्या फलकांना चालतात; लेटेक्सची, म्हणजे पाण्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण असलेली, शाई वाळवायला उष्णता लागत असल्याने पातळ पॉलिप्रॉपिलीनबाबत सांभाळावे लागते. मोठ्या संख्येच्या लेबलांसाठी फ्लेक्सो (लवचिक उठावाच्या प्लेटने होणारी छपाई), थोड्या प्रती आणि जाड थरासाठी स्क्रीन (जाळीतून शाई दाबून होणारी छपाई), हे वाटे बरेचसे ठरलेले आहेत. रिबनवरची शाई उष्णतेने लेबलावर उतरवणाऱ्या बारकोडच्या थर्मल ट्रान्सफर प्रिंटरमध्ये मात्र मेणाची स्वस्त रिबन वापरून फसणारे पुष्कळ. तिची छाप नखाने खरवडली जाते. कृत्रिम लेबलाला रेझिनची रिबन हवी. समुद्रमार्गे जाणाऱ्या रसायनांच्या लेबलांसाठीच्या बीएस ५६०९ या ब्रिटिश मानकात लेबल तीन महिने खाऱ्या पाण्यात ठेवून तपासतात, आणि छापलेला मजकूर टिकतो का हेही वेगळे तपासले जाते.

कागद टिकणे आणि छपाई टिकणे हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे चलनी नोटांनी दाखवून दिले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हैती आणि कोस्टा रिका यांनी टायव्हेकवर छापलेल्या नोटा काढल्या. कागद मजबूत होता. पण हैतीच्या दमट उकाड्यात आणि हातांच्या तेलकटपणाने शाई फिसकटू लागली आणि प्रयोग गुंडाळावा लागला. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये आणलेली पॉलिप्रॉपिलीनची नोट टिकली. तिथे पारदर्शक फिल्मवर आधी पांढऱ्या शाईचे थर चढवतात आणि त्या थरांवर पुढची छपाई होते.

छापून झाल्यावरही या कागदाचा स्वभाव आडवा येतो. घडी घातली तरी तो पुन्हा उलगडू पाहतो, म्हणून बांधणीवाले त्रासतात. जपानने मात्र याच खोडीचा उपयोग करून घेतला आहे. तिथल्या मतपत्रिका युपोच्या असतात. मतदार उमेदवाराचे नाव पेन्सिलीने लिहून मतपत्रिका दुमडून पेटीत टाकतो आणि पेटीत ती आपोआप उघडते, त्यामुळे मोजणी लवकर आटोपते. कापताना पाते नवे असावे. ‘न फाटणारा’ म्हणवणाऱ्या या कागदाच्या कडेला एक लहानसा काप राहिला, की तो तिथूनच सरळ फाटत जातो.